पवईची इस्टेट आणि फ्रामजी शेटचा ऊस

दर अंकात आम्ही आपल्यापुढे येतो ते लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते घेऊन. या खेपेस थोडे वेगळे लिहीत आहोत. विषय उसाचाच आहे, पण ऊस आपल्याकडचा नव्हे. तो ठाण्याकडचा आहे आणि सुमारे दोनशे वर्षांमागचा आहे.

ठाणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? आपल्या भागातील कितीतरी घरांतली मुले नोकरीधंद्यानिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहतात. दिवाळीला गावी येतात, जत्रेला येतात, पुन्हा जातात. आईवडीलही दोन-चार महिन्यांनी नातवंडांना भेटायला तिकडे जातात. जो तो सांगतो, की तिकडे माणसांची गर्दी, लोकलची गर्दी आणि इमारतीला लागून इमारत. तिथे शेती होती, गुऱ्हाळे होती, मोटा चालत होत्या, असे सांगितले तर मुले हसतील. पण तसे होते. तिथल्या एका इस्टेटीत बांधलेल्या साखरेच्या चरकाची तारीफ खुद्द मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरने लिहून ठेवली आहे. ती पवईची इस्टेट.

पवई आज मुंबईत मोडते. पण १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा सारा साष्टीचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. तेव्हा पवईची हकीकत ही ठाणे जिल्ह्याचीच हकीकत आहे.

साष्टीचा मुलूख

मुंबईच्या उत्तरेचे, ठाण्याच्या खाडीपासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंतचे बेट ते साष्टी. मध्ये डोंगर, डोंगराच्या पायथ्याला भातखाचरे, कडेने खाजणे. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी गावेच्या गावे आपल्या सरदारांना, पाद्र्यांना आणि चाकरांना ठराविक वार्षिक धाऱ्यावर तोडून दिली. धारा भरायचा, लढाईच्या वेळी चाकरी द्यायची आणि गावाचे उत्पन्न खायचे, असा तो व्यवहार. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचा या भागातील अंमल संपला. पुढे १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.

राज्ये तीन बदलली. पण जमीन कसणारा कुळंबी, आगरी, कोळी, वारली होता तिथेच राहिला. बदलत गेला तो त्याच्या डोक्यावरचा मालक.

कंपनी सरकारपुढे प्रश्न होता, की मुंबई बेटाला धान्य कुठून आणायचे? साष्टीत पडीक जमीन फार. तेव्हा कंपनीने जुनीच वाट धरली. पैसेवाल्या माणसांना गावे कायमच्या पट्ट्याने द्यायची, म्हणजे ते पदरचा पैसा घालून जमीन वहितीखाली आणतील. पवईची इस्टेट निर्माण झाली ती अशी.

दोन डॉक्टर

मजेची गोष्ट अशी, की या भागातील जमिनीच्या मक्त्यांत दोन डॉक्टरांची नावे येतात. पहिला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. सोळाव्या शतकाच्या मध्यास खुद्द मुंबई बेट त्याच्याकडे वार्षिक धाऱ्याने होते. त्याचे तिथे बागेतले घर होते आणि वर्षातून दोनदा फळ देणारे आंब्याचे झाड होते. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या झाडाचाही उल्लेख आहे.

दुसरा डॉक्टर हेलेनस स्कॉट. हा स्कॉटलंडचा. कंपनीच्या वैद्यक खात्यात मुंबईस आला आणि मोठ्या हुद्द्यावर चढला. माणूस चौकस. आपल्याकडचे पोलाद विलायतेतील शास्त्रज्ञांकडे तपासायला पाठवणारा हाच, आणि १८०२ साली मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेली त्या कामातही याचा हात होता. १७९९ साली त्याला पवईसह कोपरी, तिरंदाज, साकी, पासपोली आणि तुंगवे ही गावे कायमच्या पट्ट्याने मिळाली. वार्षिक धारा ३,२०० रुपये. सहा गावांचे मिळून तीन हजार दोनशे. आजच्या हिशेबाने हसू येईल, पण त्या काळी ती रक्कम लहान नव्हती.

पुढे स्कॉट मायदेशी परतला. १८२१ साली ऑस्ट्रेलियाकडे निघाला असता वाटेतच बोटीवर वारला. त्याच्या मुलांनी तिकडे न्यू साऊथ वेल्समध्ये जमिनी घेऊन ग्लेंडन नावाची इस्टेट वसवली. पवई मात्र मागेच सरकारजमा झाली. मालक सातासमुद्रापलीकडे गेला की जमिनीचे काय होते, हे आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

फ्रामजी शेट

१८२९ साली ही इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याने पट्ट्याने घेतली. जन्म १७६७ चा. म्हणजे पवई हाती आली तेव्हा शेटचे वय बासष्ट. या वयात आपल्याकडे माणूस शेती मुलाच्या हवाली करून पारावर बसतो. हा गृहस्थ नवी शेती करायला निघाला!

बनाजी घराणे जुने, व्यापार जहाजांचा. पण फ्रामजींचे खरे वेड पाण्याचे असावे, असे त्यांची कामे पाहून आम्हांस वाटते. मुंबई शहरात तेव्हा पिण्याच्या पाण्याचे हाल होते. फ्रामजींनी गिरगावात मुगभाटातल्या आपल्या वाडीत विहिरी पाडून तिथले पाणी शहरातील लोकांसाठी पुढे नेण्याची सोय केली. धोबीतलावाजवळ फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत त्यांच्या स्मरणार्थ उभी राहिली. तिथला तलाव बुजला, तरी नाव राहिले.

पवईत त्यांनी काय केले? विहिरी पाडल्या. चांगला रस्ता बांधला. राहण्यास घर बांधले. आंब्याची मोठी लागवड केली. नीळ लावली, रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावली. आणि मुख्य म्हणजे ऊस लावून तो गाळण्यासाठी चरक उभा केला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही इस्टेट पाहिली आणि १८३० च्या अखेरीस, कारभार सोडताना लिहिलेल्या टिपणात पवईचा आवर्जून उल्लेख केला. देशी माणूस पदरचे पैसे जमिनीत घालतो आहे याचे त्यांना अप्रूप वाटले. त्याच १८३० साली पश्चिम हिंदुस्थानची शेती व बागाईत सुधारणा करण्यासाठी मुंबईत एक सोसायटी निघाली. फ्रामजी तिचे उपाध्यक्ष होते.

१८३८ साली फ्रामजींनी पवईचे आंबे आगबोटीने विलायतेस व्हिक्टोरिया राणीकडे रवाना केले. राणी गादीवर येऊन जेमतेम वर्ष झाले होते. सुएझचा कालवा नव्हता. माल बोटीने सुएझपर्यंत, तिथून खुष्कीने भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुन्हा बोटीने, असा प्रवास. आज आंब्याची निर्यात म्हणून आपण जे ऐकतो, त्याचा हा पहिल्या काळातला प्रयोग म्हणायचा. आणि तो एका शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतल्या मालावर केला.

इस्टेटीची बांधणी

कुणी विचारील, इस्टेट म्हणजे नेमके काय असते? आपल्याकडे वाडा असतो, मळा असतो. इस्टेट म्हणजे काय वेगळे?

वाड्याचा नमुना हवा तर कल्याणचा घ्या. पेशवाईतील सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या नावाशी जोडलेला सुभेदार वाडा कल्याणात प्रसिद्ध. त्या जागी आता शाळा आहे आणि कल्याणकर आजही त्या शाळेस सुभेदार वाडा म्हणूनच ओळखतात. पेशवाई धाटणीचा वाडा आत बघतो. बाहेरून जाड दगडी जोते, वर विटांच्या भिंती, मोठा दरवाजा आणि त्याला दिंडी. आत गेलात की मोकळा चौक. चौकाभोवती सोपे, सागाचे खांब, तुळया, वर माडी. उजेड येतो तो चौकातून. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या. अशा घराला लढाईची आणि दरोड्याची सवय असते. शेती गावाबाहेर, वाडा गावात.

साष्टीतला इंग्रजी वळणाचा बंगला याच्या उलट. तो बाहेर बघतो. उंच जोत्यावर बसवलेले एकमजली किंवा दुमजली घर, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, व्हरांड्यावर खाली उतरणारे कौलारू छप्पर. कोकणच्या पावसाला आणि उन्हाला हेच घर मानवते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, भिंत कोरडी राहते, ऊन खोलीत येत नाही आणि वारा मात्र आरपार जातो. मंगलोरी कौले त्या काळी नव्हती, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी कुंभाराची नळीची कौले, सागाचे वासे आणि चुन्याचे बांधकाम. चुना खाडीतल्या शिंपल्यांचा किंवा खड्यांचा. स्वयंपाकघर आणि नोकरांची घरे वेगळी, मागच्या अंगाला. व्हरांड्यात उभा राहिलेला मालक समोरचे शेत पाहू शकतो. या घरात आणि शेतात गाव नसते. आमच्या मते वाडा आणि बंगला यांतला हा मुख्य फरक.

पण इस्टेट म्हणजे नुसता बंगला नव्हे. बंगला हा तिचा दर्शनी भाग. खरी इस्टेट मागे असते. विहीर, विहिरीवर मोटेचा दगडी थारोळा, बैलांची धाव, तिथून निघालेला पाट. मग चरकाची जागा, काहिलीचे चुलवण, रस थंड करायचे वाफे, निळीची कुंडे, गोठे, गाडीतळ आणि या सर्वांना जोडणारा रस्ता. आपल्या कारखान्याचे आवार आठवा. गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन, गोदाम ही सारी मांडणी उसाच्या वाटेने चाललेली असते. दोनशे वर्षांमागच्या मळ्यातही तेच तत्त्व. ज्याने ती जागा आखली, त्याने आधी पाण्याची वाट धरली, मग गाडीची आणि शेवटी माणसाच्या बसण्याची.

ऊस का टिकला नाही?

आता आमच्या खात्याचा प्रश्न. एवढा पैसा, एवढी हौस, गव्हर्नरची शाबासकी. मग साष्टीत साखर धंदा का रुजला नाही? फ्रामजींचाच नव्हे, इतरांचाही नाही. शेजारच्या भांडुपच्या इस्टेटीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रमची मोठी भट्टी होती आणि तिथली रम इंग्रजांच्या आरमाराला जात असे. वसईच्या किल्ल्याच्या आत गोऱ्या भांडवलवाल्यांनी ऊस लावून साखर काढण्याचा प्रयत्न केला. आज यातले काहीच नाही. वसईच्या बागायतदाराने मात्र केळीच्या जोडीने, विहिरीच्या पाण्यावर, आपल्या बेताचा ऊस पिढ्यान्‌पिढ्या घेतला. म्हणजे माती अगदीच नालायक नव्हती.

एक ऊस विकास अधिकारी म्हणून आम्ही या प्रश्नाकडे असे पाहतो.

पहिली गोष्ट पाणी. साष्टीत पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या सभासदाला वाटेल, काय भाग्य! पण तो सगळा चार महिन्यांत कोसळतो. मुरूम आणि उथळ काळा पाषाण. पाणी धावते आणि खाडीला मिळते. ऊस बारा ते अठरा महिन्यांचा गडी. त्याला खरी तहान लागते ती फेब्रुवारी ते मे. त्याच वेळी विहिरी तळाला जातात. आणि भर पावसात मुळाशी पाणी साचले तर वाढ खुंटते ती वेगळीच. सरासरी पाऊस किती, यावर ऊस येत नसतो. मे महिन्यात पाटात पाणी किती, यावर येतो.

दुसरी गोष्ट मोट. चामडी मोटेने, एका बैलजोडीने दिवसभरात भिजून किती भिजणार? आपल्या वाडवडिलांना विचारा. इंजिन आणि वीजपंप येण्याआधी शेतकऱ्याचा ऊस गुंठ्यांवर मोजला जाई, एकरावर नव्हे.

तिसरी गोष्ट गाळप. त्या काळचे चरक बैलांवर चालत. लाकडी लाटांतून पिळलेल्या उसाच्या चिपाडात रसाचा मोठा भाग तसाच राही. किर्लोस्करांसारख्यांचे लोखंडी चरक आपल्याकडे आले ते पुढे विसाव्या शतकात. शिवाय तोडलेला ऊस वाट पाहत नाही. चोवीस तास उलटले की वजन आणि उतारा दोन्ही घसरू लागतात, हे आम्ही प्रत्येक हंगामात घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पवईला ऊस एका मालकाचा, चरक त्याचाच. चरक भरेल एवढा ऊस मळ्यात हवा आणि मळा संपेल एवढा चरक चालायला हवा. आजूबाजूला दुसरा ऊस नाही. मग कधी चरक रिकामा, कधी ऊस वाळतो.

चौथी गोष्ट बाजार. विलायतेत वेस्ट इंडीजच्या साखरेला जकातीची सवलत होती, हिंदुस्थानच्या साखरेवर जादा जकात. बंगालच्या साखरेची जकात १८३६ मध्ये बरोबरीला आली. इकडे मुंबई बंदरात मॉरिशसची आणि चीनची साखर उतरत होती. आगगाडीचे म्हणाल, तर मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली १६ एप्रिल १८५३ ला आणि कल्याणला ती पोहोचली १८५४ मध्ये. फ्रामजी १८५१ सालीच वारले होते. गाडीरस्ता आणि खाडीतली होडी, एवढ्यावर त्यांना भागवावे लागले.

या चारही गोष्टी एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पाण्याला धरण लागते, गाळपाला शेकडो शेतकऱ्यांचा ऊस लागतो, बेण्याला संशोधन लागते. आपल्याकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झाले. कोइमतूरच्या ४१९ ने आणि मागाहून ७४० ने आपल्या बापजाद्यांची घरे उभी केली, आज को ८६०३२ उभी करीत आहे. फ्रामजी शेटच्या पाठीशी यातले काही नव्हते.

मळ्यावर पाणी आले

आता दैवाचा खेळ बघा. ज्या पवईत पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागल्या, तिथे १८९१ साली मुंबई शहरासाठी धरण बांधून तलाव केला. विहार तलाव १८६० च्या सुमारास, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई शेवटी. पवईच्या खोऱ्यातील झोपड्या, खाचरे आणि इस्टेटीची जमीन पाण्याखाली गेली. तलावाचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. ते आजतागायत इतर वापरास जाते.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आणि साष्टीतल्या इस्टेटींची सारामाफी काढून घेणारा १९५१ चा खास कायदा. १९५८ साली पवईला आयआयटी स्थापन झाली. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी मार्च १९५९ मध्ये बसवली. पुढे कारखाने आले, गेले, आणि मोठमोठ्या इमारती उठल्या.

आम्ही गेल्या वर्षी कामानिमित्त ठाण्यास गेलो असता पवई पाहून आलो. फ्रामजी शेटचे घर दाखवा म्हटले तर कोणी दाखवू शकले नाही. चरकाची जागा विचारली तर लोक चेहऱ्याकडे पाहू लागले. पण बसच्या पाट्या वाचल्या आणि जीव थंड झाला. साकी गाव साकीनाक्याच्या रूपाने जिवंत आहे. तुंगवे तुंगा झाले. पासपोली आहे, तिरंदाज आहे, कोपरी आहे. (ठाणे स्टेशनालगतचे कोपरी वेगळे, गल्लत करू नये.) १७९९ च्या पट्ट्यातली गावे नावाने तरी टिकली. मालकाचा बंगला गेला, गावांची नावे राहिली.

आपण काय घ्यायचे?

फ्रामजी शेटबद्दल आमच्या मनात आदरच आहे. बासष्टाव्या वर्षी, पट्ट्याच्या जमिनीवर, त्या माणसाने विहिरी पाडल्या. पट्टा कायमचा होता म्हणूनच त्यांनी पैसा घातला, हेही ध्यानात घ्यावे. दोन-चार वर्षांच्या मक्त्याने जमीन घेणारा कोणी विहीर पाडीत नाही की शेणखत घालीत नाही. आपल्या भागात आता मक्त्याने ऊस करण्याचे प्रमाण वाढते आहे. अशा जमिनींचा पोत दरवर्षी खाली जाताना आम्ही गट ऑफिसातल्या माती तपासणीत पाहतो आहोत.

पण आमच्या मनात राहून राहून दुसरीच एक गोष्ट येते. पवईच्या कागदांत नावे कुणाची आहेत? स्कॉटचे आहे, फ्रामजींचे आहे, माल्कमचे आहे. त्या विहिरी ज्यांनी खणल्या, मोटा हाकल्या, चरकात ऊस लावताना ज्यांचे हात थकले, त्या कुळांतले आणि गड्यांतले एकही नाव आम्हांस कुठे वाचायला मिळाले नाही. इस्टेट एका नावावर होती. ते नाव गेले, इस्टेट गेली.

महाराष्ट्रातही पहिले साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते, त्यांच्या हजारो एकरांच्या इस्टेटी होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने त्या संपल्या. त्याआधीच, १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वेगळा डाव मांडला होता. चरक एकाचा नको, ऊस पिकवणाऱ्या सर्वांचा हवा. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला, दोघांनाही एकच मत. आपला कारखाना त्याच वाटेवरचा. आपल्या भागभांडवलाच्या रजिस्टरात ज्या शेतकऱ्याचा एकच शेअर आहे, त्याचेही नाव बापाच्या नावासह, गावासह लिहिलेले आहे. इमारत, यंत्रे, धुराडे हे सगळे दिसते. आमच्या लेखी कारखान्याची खरी इस्टेट म्हणजे ते रजिस्टर.

आणि त्याच रजिस्टराची आज काळजी वाटते. पुष्कळ सभासद मयत होऊन वर्षे लोटली. वारस ठाणे, कल्याण, डोंबिवलीला. शेअर अजून आजोबांच्या नावावर, सातबारा सामायिक, भावाभावांत बोलणे नाही. कोणी म्हणतो, जमीन विकून तिकडे फ्लॅटचे बघू. ज्याचा त्याचा संसार, ज्याचा त्याचा निर्णय. आम्ही त्यात पडणार नाही. पण नाव न लागलेला वारस ना मत देऊ शकत, ना सभेत उभा राहून विचारू शकत, की माझ्या उसाची तोड का लांबली. त्याच्या डोक्यावर पुन्हा कोणी मालक बसला तर ते त्याला कळणारही नाही. साष्टीत तीन राज्ये बदलली तेव्हा कसणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. आपल्याला विचारले जाते, ते नाव रजिस्टरात आहे म्हणून.

तेव्हा सभासद बंधु-भगिनींनो, एवढेच करा. येत्या दिवाळीत मुले घरी आली की फराळाआधी कागदाची पिशवी काढा. शेअर दाखला कुणाच्या नावावर आहे ते पाहा. मयत सभासदाच्या वारसाने मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद आणि मूळ शेअर दाखला घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. मुलीही वारस आहेत, हे विसरू नये. फॉर्म भरण्यास आमचे चिटबॉय आणि शेतकी मदतनीस मदत करतील. त्याच बैठकीत शेतातली जुनी विहीर कुणी पाडली, बांध कुणी घातला, हेही मुलांना सांगून ठेवा आणि जमल्यास वहीत लिहून ठेवा. लागणीची नोंद नेहमीप्रमाणे वेळेत द्यावी, ही विनंती आहेच.